शिवकन्येचं मिनिट

माझी नाडी मिनिटाला एक्काहत्तर आहे. सत्तर नाही, बहात्तरही नाही. हा आकडा मला आधार क्रमांकापेक्षा पक्का पाठ आहे, आणि साखरपुडा, बारसं, वास्तुशांत, जिथे म्हणून चार माणसं खुर्च्या ओढून बसतात तिथे मी तो सांगतो. आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. कोणी दिलेलं नाही, मीच घेतलेलं आहे. मी घसा खाकरला की पुतण्यांना तहान लागते आणि भाच्यांचे फोन वाजतात. पण एक्काहत्तरवरून शिवकन्येची गोष्ट निघणार असं दिसलं, की तीच पोरं परत येऊन बसतात. त्यात सांगणाऱ्याचा काही गुण नाही.

शिवकन्या आमच्याकडे वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला आली तेव्हा तेहतीस वर्षांची होती. निगडीच्या प्राधिकरणात आमचं छोटं घर आहे. खाली मी आणि माझी बायको सुलभा, वर भाडेकरू. ही माणसं लातूरकडची. नवरा माधव चाकणला प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढायच्या मशीनवर कामाला. शिवकन्या तिकडच्याच दुसऱ्या एका कंपनीत फर्स्ट-एड रूममध्ये मदतनीस होती. कापलं की पट्टी, डोळ्यात कचरा गेला की थेंब. आणि गौरी नावाची नऊ वर्षांची मुलगी.

सामान चढवायच्या दिवशी मी खाली उन्हात उभा राहून टेम्पोवाल्याला सूचना देत होतो. कपाट आडवं घ्या, आता उभं घ्या, असं. अर्ध्या तासात कपाट वर गेलं आणि मी खाली बसलो. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. शिवकन्येने हातातली शेगडी पायरीवर ठेवली, माझं मनगट धरलं आणि स्वतःचं मनगट उलटं केलं. जाड पट्ट्याचं पुरुषी घड्याळ, आणि तबकडी हाताच्या आतल्या बाजूला. सकाळपासून मी काय काय खाल्लं ते सांगायला मी सुरुवात केली.

"काका, बोलू नका," ती म्हणाली. "मोजायलेय मी."

सुलभा चहा घेऊन बाहेर आली ती कप हातात धरून दारातच थांबली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, पण मी सलग एक मिनिट गप्प बसलेला ती पहिल्यांदाच पाहत होती. मिनिट संपलं. शिवकन्येने एक्काहत्तर हा आकडा सांगितला, उन्हात उभं राहू नका म्हणाली आणि मनगट परत केलं. आमचे डॉक्टर पंधरा सेकंद मोजतात आणि चाराने गुणतात, अशी माहिती मी पुरवली. त्यावर ती म्हणाली की तो अंदाज झाला, आणि शेगडी उचलून वर गेली.

अंदाज हा प्रकार तिला चालत नसे. किती वाजले विचारलं तर ती 'सव्वानऊ' म्हणायची नाही, 'नऊ सतरा' म्हणायची. अर्ध्या तासात येतो म्हणणाऱ्या नळवाल्याला ती शांतपणे विचारायची, म्हणजे किती वाजता? मला कणकण वाटते असं मी एकदा जिन्यात सहज बोलून गेलो, तर वरून थर्मामीटर घेऊन आली. 'कणकण किती आहे ते बघू,' म्हणाली. कणकण निघाली नाही. त्या दिवशी मी सुट्टी टाकणार होतो, ती टाकता आली नाही.

चादर घालायची तिची एक तऱ्हा होती. कोपरा उचलायचा, तिरका दुमडायचा, गादीखाली सारायचा. पाकिटाचं तोंड बंद करतात तसा. गच्चीवर कुरडया वाळत घालायच्या जुन्या चादरीचे कोपरेसुद्धा ती विटांखाली तसेच दुमडायची. सुलभाने ते उचललं. तेव्हापासून मी रोज पोस्टात टाकल्यासारखा झोपतो.

माधव कमी बोलणारा. डाव्या हाताची दोन बोटं वरच्या पेरापासून गेलेली. तो त्याबद्दल सांगत नसे आणि आम्ही विचारत नसू. चाकणच्या कंपनीच्या बसमध्ये असे हात शोधावे लागत नाहीत.

शिवकन्येने लग्नाआधी नर्सिंगचा कोर्स दुसऱ्या वर्षाला सोडला होता, एवढं आम्हाला माहीत होतं. का सोडला ते एका रविवारी दुपारी ओट्यावर मेथी निवडताना कळलं. सुलभाने विचारलं आणि तिने सांगितलं. रिपोर्ट वाचून दाखवावा तसं.

तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. वॉर्डात सकाळी सातला ड्यूटी लागायची आणि आठला डॉक्टरांचा राउंड असायचा. तेवढ्या वेळात चादरी बदलायच्या आणि प्रत्येक खाटेच्या फायलीत ताप, नाडी आणि श्वास यांचे आकडे भरायचे. खाटा छत्तीस, विद्यार्थिनी दोघी. मोजत बसलं तर आठच्या आत होणं शक्य नाही. म्हणून मुली सगळ्या फायली एका टेबलावर घेऊन बसायच्या आणि ओळीने लिहीत जायच्या. नाडी अठ्ठ्याहत्तर, नाडी अठ्ठ्याहत्तर. पुढच्या वर्षाच्या मुलींनीच ते शिकवलेलं; एखादीचा चेहरा फारच उतरलेला असला तर ऐंशी लिही म्हणून. सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

सतरा नंबरच्या खाटेवर एक म्हातारी होती. ती एका सकाळी साडेसहाला गेली. शिवकन्या ड्यूटीवर पोचायच्या आत तिला हलवलं होतं, खाटेवर नवी चादर घातली होती. फाइल तेवढी गठ्ठ्यात राहून गेली. शिवकन्येने आठच्या रकान्यात लिहिलं, नाडी अठ्ठ्याहत्तर.

राउंडला मोठ्या सिस्टरांनी ती फाइल उघडली. ओरडल्या नाहीत. सगळ्यांसमोर आकडा वाचला आणि म्हणाल्या, सतरा नंबरची नाडी परत एकदा मोजून ये. शिवकन्या गेली आणि त्या कोऱ्या चादरीपुढे उभी राहिली.

"किती वेळ गं?" सुलभाने विचारलं.

"ते नाही मोजलं काकू."

शिक्षा तशी मोठी नव्हती. एक वर्ष मागे बसायचं, एवढीच. पण ती दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेली नाही, तिसऱ्या दिवशी गेली नाही, चौथ्या दिवशी वडील हॉस्टेलवर येऊन पेटी घेऊन गेले. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. मी म्हटलं, बाकीच्या मुली तेच आकडे लिहून पास झाल्या असतील की. तिने मेथीची एक जाड काडी वेगळी काढून टाकली.

"त्यांचे पेशंट खाटेवर होते, काका."

आता इथे माझा धंदा सांगणं भाग आहे. मी भोसरीत एका वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. दर तासाला पाच नग मोजायचे आणि मापं चेकशीटवर लिहायची, हे माझं काम. ते आम्ही करतोही, पण ऑडिटवाले यायच्या आदल्या दिवशी राहिलेल्या शीट एका बैठकीत भरायची पद्धत होती, आणि त्या कामात मी कलावंत मानला जायचो. दोन रंगांची शाई. मधेच एखादी खाडाखोड. एखाद्या कागदावर चहाच्या कपाचा गोल, म्हणजे तो कागद मशीनपाशी होता असं वाटावं. माप सगळीकडे सारखं लिहायचं नाही; एखादं हद्दीच्या काठापर्यंत नेऊन आणायचं. त्या दुपारी शिवकन्येला बरं वाटावं म्हणून मी हे रंगवून सांगितलं. सुलभा हसली. शिवकन्येने विचारलं, मग ते पार्ट कुठं जायचे? मी म्हटलं, कुठल्या तरी गाडीला लागत असतील. सुलभा हसायची थांबली.

परत नर्सिंगला जायचं तिच्या मनात कधीपासून होतं ते मला माहीत नाही. पण प्रवेशाला वयाची अट पस्तीसची आहे, हे तिने सुलभाला त्याच महिन्यात सांगितलं आणि आपल्याकडे एक वर्ष सात महिने उरलेत हेही सांगितलं. माधवचा विरोध होता. त्याने वर आवाज चढवलेला आम्ही कधी ऐकला नाही. एक दिवस गाडी पुसता पुसता तो मला एवढंच म्हणाला की पुन्हा पहिल्यापासून तीन वर्षं, अठरा वर्षांच्या पोरींत बसून, ते सगळं ती करेल. "पण परत तसंच झालं तर ह्या वेळी ती उठणार नाही काका."

तिने अर्ज आणला. अर्ज म्हटलं की आमच्या गल्लीत माझा सल्ला घ्यायची रीत आहे, निदान द्यायची तरी आहे. त्यात एक रकाना होता: यापूर्वी नर्सिंगचा अभ्यासक्रम अर्धवट सोडला आहे काय, असल्यास कारण. मी म्हटलं, 'कौटुंबिक अडचण' लिही. या दोन शब्दांत काहीही बसतं. तिने ऐकून घेतलं आणि तिच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: रुग्णाची नाडी न मोजता लिहिली. रुग्ण त्यापूर्वी मरण पावली होती.

कॉलेज रावेतच्या बाजूला. तिथल्या क्लार्कने ते वाचलं आणि बाई, असलं कोणी लिहितं का, म्हणून कोरा अर्ज हातात दिला. तो तिने घरी आणून भरला. वाक्य तेच, अक्षर या वेळी जास्त चांगलं आलं होतं. पुढे आठ दिवस काही कळलं नाही. नवव्या दिवशी प्रवेश मिळाल्याचा फोन आला. खरं बोलण्याचं फळ, असं मी गल्लीभर सांगून आलो. दोन जागा भरल्याच नव्हत्या हे नंतर कळलं. ते सांगायला मी परत गल्लीत गेलो नाही.

वर्गातल्या मुली तिला मावशी म्हणायच्या. तिने नोकरी सोडली, पांढरा गणवेश घातला आणि आमच्या घराचा दवाखाना झाला. पट्ट्या बांधायचा सराव माझ्यावर व्हायचा. डोक्याची पट्टी, खांद्याची, घोट्याची. एकदा ती सगळ्या एकदम बांधून बघत असताना गॅसवाला आला आणि सिलिंडर ठेवून निघून गेला. संध्याकाळपर्यंत तिघंजण नारळपाणी घेऊन मला भेटायला आले. मी ते प्यायलो. माधव पाळी संपवून आल्यावर पोळ्या लाटायला शिकला. दोन बोटं अर्धी असल्यामुळे लाटणं एका बाजूला कलायचं आणि पोळीला एक लांबट टोक यायचं. गौरी ते टोक आधी खायची.

पहिलं वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी वॉर्डातलं काम वाढलं आणि गोष्ट फिरून तिथेच आली. सातला ड्यूटी, आठला राउंड, तिच्या वाट्याला अठरा खाटा. बोटाला लावून नाडी दाखवणारं यंत्र आता आलं होतं, पण सगळ्या वॉर्डात एक, आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्या मजल्यावर गेलेलं. बरोबरीच्या मुली अर्ध्या तासात मोकळ्या व्हायच्या. शिवकन्येने त्यांचे आकडे मला एकदा तोंडपाठ म्हणून दाखवले: बहात्तर, शहात्तर, ऐंशी, चौऱ्याऐंशी. माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. सगळ्यांना चाराने भाग जातो. म्हणजे त्या निदान पंधरा सेकंद तरी मनगट धरत होत्या. आमच्यापेक्षा ती प्रगतीच. शिवकन्येच्या तक्त्यात सदुसष्ट, त्र्याऐंशी, एकोणनव्वद असे आडमुठे आकडे असायचे, आणि ते अकराव्या खाटेपर्यंतच असायचे. तेवढ्यात आठ वाजायचे. पुढच्या सात खाटांचे रकाने ती कोरे सोडायची.

वॉर्डच्या सिस्टर वाईट नव्हत्या. त्यांनी आठवडाभर पाहिलं आणि मग सांगितलं की आठच्या आत तक्ता भरलेला नसेल तर तुझ्या प्रॅक्टिकलच्या वहीवर मी सही करणार नाही. सही नाही तर परीक्षेला बसता येत नाही.

दुसऱ्या दिवशी शिवकन्या गेली नाही. सकाळी सुलभाला गच्चीवर धुण्याचा आवाज आला. घरातल्या सगळ्या चादरी तिने काढल्या होत्या. तिसऱ्या दिवशीही गेली नाही. रडत नव्हती, चिडत नव्हती; आमच्या ओट्यावर बसून गौरीच्या वह्यांना कव्हरं घालत होती. मनगटावर घड्याळ नव्हतं, तिथे पांढरा पट्टा तेवढा उमटलेला. सुलभाने मला खुणेने सांगितलं, काही बोलू नका. मी बोलणार नव्हतोच. लागोपाठ दोन दिवस न जाणं आणि चौथ्या दिवशी पेटी, हा क्रम मलाही आठवत होता.

त्या संध्याकाळी माधव फाटकातून आत आला. डब्याची पिशवी खाली ठेवली आणि वर न जाता ओट्यावर टेकला. मग डावा हात गुडघ्यावर पालथा ठेवला.

"आमच्या प्रेसला सेन्सर असतो," तो म्हणाला. "हात आत गेला की मशीन थांबायला पाहिजे. रोज सकाळी चेक करून कागदावर टिक करायची. त्या दिवशीची पण टिक होती."

मी वाकून चपलेचा अंगठा तपासायला घेतला. त्याला काही झालेलं नव्हतं.

"उद्या पाचला उठ," माधव म्हणाला. "मी सोडतो. तुला जेवढा वेळ लागतो तेवढा आधी जाऊ."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सव्वासहाला ती वॉर्डात असायची. शेवटची खाट आठला पाच कमी असताना व्हायची. आठच्या आत अठरा रकाने भरलेले. त्यातून नवी अडचण निघाली, कारण नाडी सहा बावीसला मोजलेली असली तर ती आठच्या रकान्यात नुसती लिहायला ही बाई तयार नव्हती. प्रत्येक आकड्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात खरी वेळ लिहायची. सिस्टर म्हणाल्या, अगं, हा आठचा रकाना आहे. ही म्हणाली, आठला मोजली नाही सिस्टर. सिस्टरांनी तक्ता खाली ठेवला, चष्मा पुसला, परत तक्ता उचलला. मग वही मागितली आणि सही केली. पेशंट मात्र कुरकुरायचे. चहाच्या आधी येऊन हात धरणारी ती कोण, अशी एका आजोबांनी रीतसर तक्रार केली होती.

ती पास झाली. पहिला वर्ग तीन मार्कांनी गेला. 'थोडक्यात हुकला' असं आम्ही लोकांना सांगायचो, ती 'तीन' म्हणायची. मोशीच्या पुढे, चाकण रस्त्यावरच्या एका रुग्णालयात नोकरी लागली आणि ती माणसं तिकडे राहायला गेली. जायच्या दिवशी टेम्पो भरताना मी सूचना देत नव्हतो. मला सावलीत खुर्ची टाकून बसवलं होतं. नंतर फोन व्हायचे, मग फक्त दिवाळीला व्हायचे.

त्यानंतर ती मला एकदाच दिसली. माझी आत्या मोशीला असते, म्हणजे असायची. नव्वदीच्या पुढची, नक्की किती ते आमच्याकडे कोणी धड सांगू शकत नव्हतं. तिला त्याच रुग्णालयात ठेवलं होतं. दोन दिवस ती कोणाला ओळखत नव्हती आणि सकाळची पाळी माझी होती. मी पोचलो तेव्हा आत्याची सून खाटेशी बसली होती आणि पलीकडच्या रांगेत एक सिस्टर मनगट उलटं करून उभी होती. मी हात वर केला. तिने पाहिलं, पण मिनिट पुरं होईपर्यंत मान हलवली नाही.

आत्या गेली ती आमच्या डोळ्यांदेखत, काही आवाज न करता. तरुण डॉक्टर आले. छातीला तारा लावून सरळ रेघ काढली, डोळ्यांत उजेड टाकून पाहिला, आणि हलक्या आवाजात शिवकन्येला म्हणाले, सात लिहा सिस्टर.

"सात वाजून चार मिनिटं, सर."

मग तिने आत्याचं मनगट हातात घेतलं आणि स्वतःचं उलटं केलं. डॉक्टर पेन धरून थांबले. आत्याच्या सुनेने पदर तोंडावरून काढला आणि विचारलं, आहे का अजून? शिवकन्येची नजर घड्याळावरच होती. ती मोजत होती. पूर्ण एक मिनिट गप्प राहायची ती माझी दुसरी वेळ.

मिनिट झालं. तिने आत्याचा हात चादरीखाली ठेवला, फाइल उघडली आणि नाडीच्या रकान्यात शून्य लिहिलं. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात वेळ. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून तिला खुर्चीत बसवलं, मला म्हणाली, काका, तुम्ही पण बसा. पायाकडचा चादरीचा कोपरा सुटला होता, तो उचलून तिरका दुमडला आणि गादीखाली सारला.

राउंडला अजून वेळ होता. ती शेजारच्या खाटेकडे वळली. तिथल्या बाई जाग्याच होत्या. ती जवळ पोचायच्या आत त्यांनी पांघरुणातून मनगट बाहेर काढून धरलं होतं.